उपद्रव क्रमांक पाच

“हॅलो? …कोण? …अगं मृणाल, तू होय. बोल. …नाही, हळू कुठे बोलतोय. …सर्दी नाही. …सोसायटीच्या ऑफिसात आहे. …दार लावून, हो. कडीपण. …अगं, कामं असतात.”

श्यामकांत उपळेकरांनी फोन डाव्या कानाला धरला आणि उजव्या हाताने मांडीवरच्या कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत तिला गप्प केलं. ‘सहजीवन’ सोसायटीचं ऑफिस म्हणजे पंपाच्या खोलीला चिकटलेली एक कोंदट खोली. टेबल, कपाट, खुर्ची आणि नळ गळतो म्हणून खाली ठेवलेली बादली. त्या रविवारी सकाळी या खोलीत चार कोंबड्या, दोन बदकं आणि मुलुंड पूर्वेतले सर्वांत कडक सेक्रेटरी असे सातजण दार बंद करून बसले होते. बाहेर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. थोड्याच वेळात विशेष सर्वसाधारण सभा सुरू व्हायची होती. सभेपुढे विषय एकच होता, या सहाजणांना सोसायटीतून बाहेर काढणे. आणि ठराव मांडणार होते स्वतः उपळेकर.

“बाळ झोपलं? …आणि गंधाली? …मग तूही जरा पडायचंस ना. सकाळी सकाळी फोन कशाला… काय? …कोणी सांगितलं तुला?”

“विमलाने. …सोसायटीतल्या बातम्या पुरवण्याशिवाय विमलाला दुसरं काम नाही. …अगं, मागे चालत होती म्हणजे काय? रस्ता सार्वजनिक आहे. मी पुढे चाललो होतो, ती मागून चालली होती. …हो, रांगेत. …दूध केंद्रापर्यंत, हो. …आणि परत. …मृणाल, बदकं रांगेतच चालतात, त्यांची पद्धत आहे ती. त्यात माझा काय संबंध?”

लेकीच्या, गंधालीच्या, बाळंतपणासाठी मृणालिनी विलेपार्ल्याला गेली त्याला आता तीनेक महिने होत आले होते. रोज रात्रीच्या फोनवर श्यामकांत तिला दोनच गोष्टी सांगत. एक, जेवलो. दोन, तळमजल्यावरच्या धारपांच्या उपद्रवाबाबत कारवाई चालू आहे. कारवाई म्हणजे नेमकं काय, हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि यांनी सांगितलं नव्हतं.

“लपवलं नाही. तू विचारलं नाहीस. …बरं, बरं. सांगतो. …पहिल्यापासून? अगं, सभा आहे. …सांगतोय ना.”

“तू गेलीस त्याच आठवड्यात. नंदकिशोर धारप रिटायर झाला ना… हो, तोच, पेढे दिले होते. आता रिटायर झाल्यावर माणसाने काय करावं? पेटी शिकावी. प्राणायाम करावा. याने कोंबडीची पिल्लं आणली. …चार. घाटकोपरला कुठेतरी रस्त्यावर टोपलीत विकायला असतात ती. …रंगवलेली, हो, तीच. गुलाबी आणि हिरवी. ह्याला वाटलं, जात आहे. दोन गुलाबी जातीची आणि दोन हिरव्या जातीची. …इंजिनिअर आहे म्हणून काय झालं? …पिसं आली तसा रंग गेला, तर हा म्हणतो, आजारी पडली.”

“आणि वर बदकाची अंडी. …बदकं नाही, अंडी. अगं ऐक ना. वसईहून आणली कोणाकडून तरी. थर्माकोलचा खोका, आत बल्ब. ऊब लागते ना. महिनाभर रात्रंदिवस बल्ब चालू. आणि त्याची वायर कुठे लावली होती, सांग. …पॅसेजमधल्या प्लगला. …सोसायटीच्या मीटरवर, बरोबर. …मग? सेक्रेटरी नाही जाणार तर कोण जाणार?”

बादलीतलं पाणी चोचीने ढवळून झाल्यावर एक बदक परत टेबलाखाली आलं आणि श्यामकांतच्या डाव्या चपलेवर, अंगठ्याला टेकून, बसलं. उजव्या चपलेवर दुसरं आधीच बसलेलं होतं.

“मी मीटर बघायला गेलो होतो, मृणाल. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. …धारप त्या खोक्यासमोर खुर्ची टाकून दोन दिवस बसून होता. कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं त्याने की बदकाचं पिल्लू बाहेर आल्या आल्या ज्याचं तोंड बघतं, त्यालाच आपली आई समजतं. …हो, म्हणून. दाढी केली होती त्यासाठी. तिथेच जेवायचा, तिथेच पेपर वाचायचा. …आणि नेमका बाथरूमला गेला. …अगं, माणूस आहे. जाणारच.”

“मी मुद्दाम नाही वाकलो. वायर खोक्याच्या मागे गेली होती, ती बघायला वाकलो. …टॉर्च होता हातात. …वायरवर मारला होता. …बरं, थोडा तोंडावर आला असेल. …हसू नकोस. बाळ उठेल.”

कवच फोडून दोन ओले गोळे बाहेर आले होते आणि त्यांच्यावर वाकलेला, चष्मा नाकावर घसरलेला तो चेहरा त्यांनी पाहिला होता. जगात आल्यावर त्यांच्या कानांवर पडलेलं पहिलं वाक्य होतं, “हे कोणाच्या परवानगीने चाललंय?” दोघांनी माना वर करून ते पूर्ण ऐकून घेतलं होतं. इतकी वर्षं बिनविरोध सेक्रेटरी होऊनही श्यामकांतचं बोलणं ‘सहजीवन’मध्ये कोणी इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं. बिनविरोधचं कारणही तसं सरळ होतं. दुसरं कोणी उभंच राहत नसे.

“तेव्हापासून, हो. …कोंबड्यांचं वेगळं. कोंबड्यांची मी आई वगैरे नाही. …त्यांना मी नोटीस वाचून दाखवायचो. …त्यांना म्हणजे धारपला गं. पण धारप नोटीस घेईना. सही करीना. मग आपल्या सोसायटीचा ठराव आहे, मीच केलेला, की सभासद नोटीस घेत नसेल तर उपद्रवाच्या जागी जाऊन ती मोठ्याने वाचून दाखवायची. …रोज. उपद्रव बंद होईपर्यंत रोज.”

“मग जायचो संध्याकाळी, चहा झाला की. …गुडघ्यामुळे उभं राहवत नाही, म्हणून स्टूल न्यायचो. ते आंघोळीचं बुटकं. …शर्ट? तोच, बदामी. कामाचा शर्ट आहे तो माझा. …नोटीस कशी वाचतात मग, तालासुरात? वाचायचो आपला एका आवाजात. हलायचं नाही, कारण पुरावा म्हणून रेकॉर्डिंग लावलेलं असायचं. …खायचो काय? चणे-कुरमुरे असायचे खिशात. …सांडत असतील. मुद्दाम कशाला सांडेन?”

आता इथेच घोटाळा होता. पक्षी माणसाळवण्याची कृती धारपांनी फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. रोज एकाच वेळी जावे. शक्यतो तेच कपडे घालावेत. खाली, त्यांच्या उंचीला बसावे. एका लयीत, शांत आवाजात बोलावे. अचानक हालचाल करू नये. जवळ दाणे पडू द्यावेत. त्यांना पकडू नये, त्यांना येऊ द्यावे. ही कृती नंदकिशोर धारप दिवसातून अनेकदा वाचत, मग प्रेमाचा उमाळा येऊन धावत जात आणि कोंबडीला वरून उचलायला बघत. श्यामकांतनी ती कधीच वाचली नव्हती. त्यांनी ती एकही संध्याकाळ न चुकवता पार पाडली होती.

“अगं, वरून हात घालायचाच नसतो त्यांच्यावर. वरून आलेलं सगळं त्यांना घारच वाटतं. …हात असा जमिनीवर उताणा ठेवायचा आणि गप बसायचं. बघायचं पण नाही त्यांच्याकडे, बघितलं की संशय येतो त्यांना. आधी एक येते, तिला काही होत नाही असं दिसलं की बाकीच्या… …मी कुठे कौतुकाने सांगतोय? माहिती देतोय.”

“नावं? नावं मी कशाला ठेवीन? …धारपने ठेवली होती. माणिक, मोती, पाचू, असलं काहीतरी. एकाही नावाला ओ देत नाहीत. …मी आपले नोटिशीत क्रमांक घातलेत. उपद्रव क्रमांक एक ते चार, कोंबड्या. पाच आणि सहा, बदकं. …पाच, पट्टा सोड चपलेचा. …कोणाला नाही. …हो, ऐकतात क्रमांकाला. …अगं, वाचून वाचून कानावर पडलंय त्यांच्या, दुसरं काय.”

“…पाच म्हणजे नर आहे. शेपटीचं पीस वळलेलं आहे ना, त्यावरून कळतं. जरा हळवा आहे तो. सहा तशी स्वतंत्र आहे. पण पाचला मी दिसलो नाही की… …मृणाल, पुन्हा हसलीस तर मी फोन ठेवीन.”

“काय खातात म्हणजे? कोंबड्यांना तांदळाची कणी, ज्वारी, भाज्यांची देठं. बदकांना सगळ्याबरोबर पाणी लागतं, चोच पूर्ण बुडेल एवढं, नाहीतर घशात अडकतं त्यांच्या. …पाव अजिबात नाही. लोक घालतात, चूक आहे ते. मटार फार आवडतात. …फ्रीजरमधले. …हो, तू सोलून ठेवलेले. …संपले. …सगळे नाही गं, एक पिशवी होती, पण ती आता… संपली.”

खिडकीची काच श्यामकांतनी वर्तमानपत्राने झाकून घेतली होती. त्याचा एक कोपरा उचलून त्यांनी बाहेर पाहिलं. खुर्च्या भरत आल्या होत्या. विमला पहिल्या रांगेत मध्यभागी बसली होती आणि तिने पर्समधून चष्मा आणि फोन दोन्ही बाहेर काढून मांडीवर तयार ठेवले होते.

“दार का लावलं? तूच विचार कर. मी उठून सांगणार की हे पक्षी आक्रमक आहेत, ज्येष्ठ नागरिकांना यांच्यापासून धोका आहे. आणि तेव्हा सहा माझ्या पायावर झोपलेली असेल, तर कसं दिसेल ते? …म्हणून सकाळीच आणून ठेवली इथे. …पकडायला नाही लागलं. मी आलो, ती आली.”

“खुराड्यात कशी ठेवू? खुराडं धारपने सकाळी भंगारवाल्याला देऊन टाकलं. …हरला गं तो. काल आला होता घरी. म्हणाला, उपळेकर, मी इतके दिवस यांच्या मागे फिरतोय आणि ही तुमच्या मागे. माझी काही हरकत नाही, जाऊ द्यात. …रडला नाही. चष्मा पुसत बसला बराच वेळ. …मी काय बोलणार? नोटीस माझीच होती.”

“जाणार कुठे म्हणजे, सोय केलीय की. आपण काय रस्त्यावर नाही सोडत. चेअरमनचे मेहुणे आहेत ना, भाऊराव… टिटवाळ्याला मोठी जागा आहे त्यांची. फुकट नेतायत, टेम्पोसकट. स्वतः म्हणाले, काळजी करू नका साहेब, आमच्याकडे रोज पन्नास-साठ कोंबड्या असतात, त्यात तुमच्या सहा कुठे कळणार पण नाहीत. …हो, पन्नास-साठ. …रोज. …रोज नव्या येतात म्हणाले. …का गं?”

मग मृणालिनी सांगू लागली.

“विमलाच्या मुलाच्या हळदीला? …होतो ना मी. …जेवण चांगलं होतं. …मी सोलकढी-भात खाल्ला. …बाकीच्यांच्या ताटात मी बघत नाही, तुला माहितेय. …हो, पंगत वाढत होते ना ते, टोपी घालून. …ते केटरर भाऊराव? ते हे भाऊराव? …वडे होते, आठवतंय मला. …वड्यांबरोबर काय होतं?”

मांडीवरची क्रमांक दोन उठली, एकदा गोल फिरली आणि पुन्हा त्याच जागी बसली.

“…आहे. आहे फोनवर. …नाही, बसलेलोच आहे.”

“…मृणाल, त्यांनी मला बदकांचं वजन विचारलं होतं. …मला वाटलं, टेम्पोसाठी विचारतायत. …मी सांगितलं ना. करून सांगितलं. आपल्या वजनकाट्यावर, आधी मी एकटा, मग पाचला घेऊन. तो इतका शांत उभा… म्हणजे मी उभा होतो, तो हातात शांत होता.”

त्यांनी पुन्हा खिडकीचा कोपरा उचलला. गेटाच्या आत टेम्पो लागला होता. फाळका उघडा होता आणि आत जाळीच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या होत्या. इस्त्रीचा शर्ट घातलेले भाऊराव चेअरमनशी हात मिळवत होते. दिसायला चांगला माणूस होता. हळदीच्या दिवशीही त्यांनी श्यामकांतना आग्रहाने दोनदा सोलकढी वाढली होती.

“आलाय टेम्पो. …नाही, आत येऊन थांबलाय. …अगं, आता काय काय करू? सभा बोलावलीय मी. सगळ्यांच्या सह्या घेतल्यात मी. धारपपण हरकत घेत नाहीये. सगळे हात वर करणार आणि पाच मिनिटांत… थांब, थांब जरा.”

“येतो, येतो. दोन मिनिटं. …तुला नाही गं, दार वाजवतायत चेअरमन. …नाही हो चेअरमनसाहेब, एकटाच आहे. कागद लावतोय. …कसला आवाज? …पंपाचा. …पंपच आहे तो. बेअरिंग गेलंय. पुढच्या सभेत घेऊ आपण तो विषय. …हो, व्हा पुढे, आलोच.”

“…गेले. ऐक ना. ऐक माझं, नीट ऐक. फ्लॅटवर पहिलं नाव तुझं आहे. …हो, म्हणजे सभासद तू आहेस. मी बाहेर जाऊन फोनचा स्पीकर लावतो, तू फक्त म्हण, माझा विरोध आहे. …एवढंच. मग ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवता येईल मला. …कारण काहीही सांग. …मी कसा विरोध करू? ठराव माझा. नोटिसा माझ्या. विमला समोर बसलीय. तिच्या पोपटाला नोटीस दिली होती मी, विसरलीस? …पॅसेजमध्ये लोकांना हाका मारायचा तो. …माझं पण नाव घ्यायचा. …चांगल्या शब्दांत नाही घ्यायचा, मृणाल. पहिल्या मजल्यावरच्या मुलांनी शिकवलं होतं त्याला.”

“…म्हणजे? …नाही म्हणजे का नाही? …मीच म्हणायचं? मी काय म्हणू? …मला काय वाटतं? मला काही वाटत नाही. वाटायचं काय त्यात?”

नळ बादलीत गळत राहिला आणि दर थेंबाला सहा तिकडे मान वळवून बघत राहिली.

“…तसं नाही गं. …तू गेल्यावर संध्याकाळी घरात… टीव्ही लावतो मी. पण टीव्ही काय. …जेवलो म्हणून सांगतो ते खरंच आहे. जेवतोच. फक्त खाली जेवतो. डबा घेऊन जातो धारपच्या अंगणात. …स्टुलावर बसून, हो. …नोटीस संपली तरी ती जात नाहीत ना. बसून राहतात समोर. तोंडाकडे बघत. …मग मी परत वाचतो पहिल्यापासून. …कालपर्यंत. काल तीनदा वाचली.”

“…रडत नाहीये. …पिसं असतात ना हवेत. त्याने होतं.”

पुन्हा दार वाजलं. या वेळी जरा जोरात.

“आलो. …मृणाल, फोन ठेवू नकोस. असाच धरून ठेव. …बोलू नकोस काही, फक्त राहा तिथे. दार उघडतोय.”

श्यामकांतनी क्रमांक दोनला हळूच जमिनीवर ठेवलं, बदामी शर्टाची वरची गुंडी लावली आणि कडी काढली. पार्किंगमध्ये सभेसाठी मांडलेल्या टेबलापर्यंत फार अंतर नव्हतं. ते फोन कानाला लावूनच चालू लागले. मागे पाच निघाला, त्याच्या मागे सहा, मग जरा इकडे-तिकडे रेंगाळत चारही कोंबड्या. खुर्च्यांवरचं बोलणं पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत थांबत गेलं. चेअरमननी हातातला चहाचा कप तसाच हवेत धरला. विमलाने फोन उचलून रेकॉर्डिंग सुरू केलं. श्यामकांतनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गरजच नव्हती. ते टेबलापाशी थांबले, तसे मागचे सहाहीजण थांबले, आणि पाच येऊन चपलेवर बसला.

“सभासद बंधुभगिनींनो. …हो, फोन चालू आहे, मिसेस आहेत. …कोरम आहे ना? बरं. विषय एक. हा ठराव मी मांडणार होतो. तो मी मागे घेतोय.”

“…शांतता राखा. एकेकाने बोला. …कारण? …कारण नोंदवावं लागतं, बरोबर आहे तुमचं. लिहून घ्या. …पाहणीअंती…”

त्यांनी खाली पाहिलं. पाच मान तिरकी करून वर बघत होता. नोटिशीचा आवाज सुरू झाला की तो असाच बघत असे.

“…पाहणीअंती उपद्रव आढळून आला नाही. …हो, मीच केली होती तक्रार. …हो, अकरा नोटिसा. बघितल्यात मी, मीच लिहिल्यात. …चेअरमनसाहेब, काल काय म्हणालो ते मला माहीत आहे. आज हे म्हणतोय.”

“विमलाबाई, बोला. …पोपटाची नोटीस पण मागे. …लेखी देतो. …माफी कसली? …बरं. …बरं, पोपटाची माफी मागतो. …समोर येऊन? येतो समोर. आता रेकॉर्डिंग बंद करा.”

“भाऊराव, तुम्हाला त्रास झाला. टेम्पो न्या. …नाही, एकही नाही. …फक्त बदकं पण नाही. …वजन मी चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला. फार हलकी आहेत. काही नाही त्यांच्यात.”

“…आवारात ठेवायची नाहीत, मान्य आहे. तो ठराव आहेच, माझाच आहे, तो कुठे बदला म्हणतोय मी? आवारात नाही ठेवणार. …मग कुठे? …”

कानाला लावलेला फोन गरम झाला होता. पलीकडे एक पंखा फिरत असल्याचं ऐकू येत होतं आणि कोणीतरी श्वास घेत असल्याचं.

“…माझ्या घरी. …घरात पाळीव प्राणी ठेवायला सोसायटीची हरकत नसते, फक्त सभासदाची संमती लागते. सभासद मिसेस आहेत. …विचारतोच आहे.”

“मृणाल? …ऐकलंस? …कुठपासून ऐकलंस? …सगळंच. …बरं. …हो, सहाही. …अगं, वेगळी केली तर पाच जेवायचा नाही. …घरात नाही, गॅलरीत. …झाडं जरा सरकवतो मी. …खातील, तुळस खातील, खरंय. …बरं, झाडं हॉलमध्ये, ही गॅलरीत. …अंडी देतील पुढेमागे. …मी नाही खाणार, गंधालीला देऊ. …वास येतो, येतोच. रोज धुवायचं मग. मी धुणार. …लिहून कशाला देऊ? …बरं, देतो लिहून.”

“…म्हणजे हो का? …हॅलो? …हो म्हणालीस ना? …परत म्हण. …नाही, स्पीकरवर नको. मला ऐकायचं होतं.”

खुर्च्या हळूहळू मोकळ्या होऊ लागल्या. टेम्पो मागे घेताना वाजणाऱ्या बारीक शिट्टीने कोंबड्या एकदम श्यामकांतच्या पायांशी गोळा झाल्या. शेवटच्या रांगेतून नंदकिशोर धारप उठून पुढे आले आणि जवळ उभे राहिले. त्यांनी सकाळी दाढी केलेली होती.

“…तू कधी निघतेस? …आज? मग ये ना, जेवायला ये. …थांब हं एक मिनिट. धारप, असे नका उभे राहू, बसा खाली. अजून खाली. हात असा. …आता तिला येऊ द्या. …मृणाल, सहा त्याच्याकडे जातेय. …घेतली त्याने. …घाबरली नाही. डोळे मिटून घेतलेत तिने, पण घाबरली नाही.”

“…बरं, ठेवतो आता. …अगं, रागावलो नाही. दोन्ही हात मोकळे लागणार आहेत मला. लिफ्ट बंद आहे कालपासून. …कोंबड्या येतील गं, उड्या मारत येतील माझ्या मागे. सहाला धारप घेईल, पण पाचला मलाच उचलून न्यावं लागेल. …तिसऱ्या मजल्यापर्यंत, हो. …गुडघा दुखेल, दुखू दे. …बदकांना जिना चढता येत नाही.”